उसाच्या फडातली बाळंतपणं: गिरमिटात गेलेल्या बायांची गोष्ट



माझा जन्म ऊसतोडीच्या हंगामात झाला, कारखान्याच्या कडेला उभ्या केलेल्या कोपीत. आई सांगायची, पहाटे तीनला ती आणि बाबा फडात उतरले. दिवस वर आला तशा तिला कळा सुरू झाल्या आणि ऊन डोक्यावर यायच्या आत मी झाले. जवळ टोळीतल्या दोघीजणी होत्या. नाळ कापायला नवं ब्लेड मिळालं, हेच नशीब, असं ती म्हणायची. पाचव्या दिवशी कोपीतच सटवाई पुजली. बारावा दिवस झाला आणि आई पुन्हा मोळ्या बांधायला गेली. कोयत्यातलं एक माणूस बसून राहिलं की खाडा पडतो, आणि खाडे पडले की उचल फिटत नाही. हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणींनी ते भोगलंय.

बरीच वर्षं मला वाटायचं, ही गोष्ट आपल्या भागाची. दुष्काळी गाव, कोरडी जमीन, म्हणून आपल्या वाट्याला आलेली. मग मी गिरमिटाचा इतिहास वाचला आणि कळलं, की ही गोष्ट फार जुनी आहे. दीडशे वर्षांपूर्वी आपल्याच देशातल्या बाया समुद्रापार ऊस तोडायला गेल्या, पोटात मूल घेऊन गेल्या, आणि तिथे अनोळखी मुलखात बाळंत झाल्या. आज त्यांच्याबद्दल बोलू या.

गिरमिट म्हणजे काय?

इंग्रजांच्या राज्यात १८३४ साली गुलामगिरी कायद्यानं बंद झाली. मॉरिशसमध्ये ती प्रत्यक्ष उठली १८३५ साली. तोपर्यंत तिथले उसाचे मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या घामावर चालायचे. गुलाम मोकळे झाले, पण साखर तर पाहिजे होती. मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे नजर वळवली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन मॉरिशसला पोचलं. त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षं ही जहाजं चालूच राहिली. मॉरिशस, गयाना, त्रिनिदाद, दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ, सुरिनाम आणि फिजी. एकट्या मॉरिशसला साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. फिजीला साठ हजारांहून जास्त.

जाताना करार व्हायचा, पाच वर्षांचा. इंग्रजीत त्याला ‘ॲग्रीमेंट’ म्हणतात. आपल्या माणसांच्या तोंडी त्याचं झालं ‘गिरमिट’, आणि करारावर गेलेली माणसं ‘गिरमिटिया’. करारावर अंगठा उठवला की मळा सोडून जाता यायचं नाही. कामावर गेलं नाही तर तो गुन्हा धरत. त्यासाठी दंड होई, तुरुंगही होई.

बहुतेक माणसं बिहार, संयुक्त प्रांत आणि मद्रासकडची. पण मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली, आणि त्यांतून कोकणातली मराठी माणसं मॉरिशसला गेली. त्यांची नातवंडं-पणतवंडं आजही तिथे आहेत. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते, ती उगाच नाही.

सुरुवातीला बहुतेक पुरुषच नेत. पुढे सरकारनं नियम केला, की शंभर पुरुषांमागे निदान चाळीस बाया असल्याच पाहिजेत. हा नियम बायांच्या भल्यासाठी नव्हता, मळ्यावर मजूर टिकून राहावेत म्हणून होता. आकडा भरला नाही तर जहाज अडायचं. म्हणून भरती करणारे दलाल, ज्यांना ‘आरकाटी’ म्हणत, ते बायांच्या शोधात हिंडायचे. यात्रेत, धर्मशाळेत, दुष्काळात अन्नछत्रापाशी. विधवा, नवऱ्यानं टाकलेली, सासरच्या जाचाला कंटाळून निघालेली, पोटासाठी वणवण करणारी, अशी बाई दिसली की तिला सांगायचं, ‘चल, इथून जवळच काम आहे.’ काही नवऱ्याबरोबर गेल्या. काही स्वतः विचार करून गेल्या, कारण मागे राहण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि त्यांतल्या किती तरी पोटुशी होत्या.

जहाजावरची बाळंतपणं

गयानाच्या वंशाच्या एक पत्रकार आहेत, गायत्रा बहादूर. त्यांनी आपल्या पणजीचा शोध घेतला आणि २०१३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. पणजीचं नाव सुजरिया. १९०३ साली ती कलकत्त्याहून ‘क्लाइड’ नावाच्या जहाजानं गयानाला निघाली. वय सत्तावीस, सोबत नवरा नाही, आणि तिच्या परवान्यावर नोंद होती की ती चार महिन्यांची गरोदर आहे. जवळजवळ तीन महिन्यांचा प्रवास. वाटेत जहाजावरच ती बाळंत झाली.

मैत्रिणींनो, जरा डोळ्यांपुढे आणा. खाली जहाजाचं पोट, वर लाकडी छत. पुढच्या भागात एकटे पुरुष, मधे जोडपी, मागच्या टोकाला एकट्या बाया. जहाज हेलकावे खातंय, उलट्या होतायत. पहिलटकरीण माहेरी जाते, आई डोक्यावरून हात फिरवते, डोहाळे पुरवते, यातलं काही नाही. खायला डाळ-भात, आणि डॉक्टरनं सांगितलं तर साबुदाणा किंवा डब्यातलं दूध.

प्रत्येक जहाजावर एक डॉक्टर असे. त्याला जिवंत उतरवलेल्या दर माणसामागे पैसे मिळत. म्हणजे माणूस जगवण्यात त्याचा फायदा होता, ही चांगली गोष्ट. पण डॉक्टर पुरुष, गोरा, भाषा परकी. आपल्याला काय होतंय ते बाईनं त्याला सांगायचं कसं? कळा आल्या की तिच्याभोवती बायाच जमत. कोणी दाईपण केलेलं असे, कोणी चार मुलं जन्माला घातलेली असे. त्या पाठ दाबत, धीर देत, पातळाचा आडोसा धरत.

ज्या बाया एका जहाजातून गेल्या त्या एकमेकींना ‘जहाजी बहीण’ म्हणत, आणि पुरुष ‘जहाजी भाई’. हे नातं रक्ताच्या नात्याइतकंच मानलं जाई. जहाजी भावाबहिणींची मुलं एकमेकांना भावंडं मानत. जातपात जहाजावर पाळता येईना. एकाच ठिकाणी रांधलेलं सगळ्यांनी खाल्लं, आणि घरी जिच्या हातचं पाणी चाललं नसतं तिनंच नाळ कापली.

सगळी बाळं मात्र जगली नाहीत. जहाजावर गोवर आला, हगवण लागली, पटकी आली, की पहिला बळी तान्ह्यांचा जाई. १८७९ साली फिजीला गेलेल्या पहिल्याच जहाजावर, ‘लिओनिडास’वर, पटकी आणि देवी या दोन्ही साथी आल्या होत्या. दूर समुद्रात माती कुठली? पोटचं पोर पाण्यात सोडावं लागे.

मळ्यावरची खोली आणि हजेरी

आता फिजीचंच उदाहरण घेऊ, कारण तिथल्या कराराचा मजकूर आपल्याला माहीत आहे. आठवड्यात पाच दिवस नऊ-नऊ तास काम, शनिवारी पाच तास. पुरुषाला दिवसाला १२ पेन्स, बाईला ९ पेन्स. ‘टास्क’ म्हणजे नेमून दिलेलं काम असे, आपल्याकडच्या उक्त्यासारखं. पुरुषाला जेवढं नेमलं त्याच्या पाऊण हिस्सा बाईला. काम पुरं झालं तरच पैसे. म्हणजे बाळंतपणात बाई घरी बसली की तिची मजुरी बंद. आपल्या खाड्याचाच हा थोरला भाऊ.

करारात औषधपाणी आणि दवाखाना फुकट असं लिहिलेलं होतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला पहिलं वर्षभर रोज नऊ छटाक दूध फुकट, असंही लिहिलेलं होतं. कागदावर वाईट नव्हतं. पण वर्षभरच. आणि गिरमिटातली बाई तिथे पाच वर्षं राहणार होती, तिला दुसरं मूल होणार होतं, तिसरं होणार होतं.

राहायला लांबलचक चाळी, त्यांना ‘लाइन’ म्हणत. १९०८ सालापर्यंत एका खोलीचं माप होतं दहा फूट बाय सात फूट. तेवढ्यात तीन एकटे पुरुष, नाही तर नवरा, बायको आणि दोन मुलं. चूलही तिथेच. त्याच खोलीत बाळंतपण. धुराचं, ओलाव्याचं, आणि मधल्या भिंतीपलीकडे परके पुरुष.

आई कामावर गेली की तान्हं कुठे ठेवायचं? एखाद्या म्हातारीपाशी, नाही तर बरोबर नेऊन बांधावर सावलीत. दूध पाजायला किती वेळा यायचं ते कामावरचा गोरा साहेब आणि त्याचा सरदार ठरवणार. सरदार म्हणजे मजुरांतूनच नेमलेला, आपल्याकडच्या मुकादमासारखा. अशा लाइनींमध्ये तान्ही मुलं मोठ्या संख्येनं दगावत. ‘आया हलगर्जी आहेत’ असं मळेवाले म्हणत. नऊ तास फडात उभ्या असलेल्या बाईनं मुलाकडे लक्ष कधी द्यायचं, हे मात्र त्यांना कोणी विचारलं नाही.

मळ्याचा दवाखाना होता, पण बाया तिथे जायला कचरत. परका पुरुष तपासणार, भाषा कळणार नाही, कोणाच्या हातचं खायचं ते ठाऊक नाही. म्हणून दाईच बरी वाटे. हळद, ओवा, आलं, गूळ हे बाळंतिणीचं खाणं आणि तेलाचं मालीश बायांनी आठवणीतून परदेशात नेलं. सहाव्या दिवसाची छठी, आपल्या पाचवी-सटवाईसारखी, तिनं समुद्र ओलांडला. मूल जन्मल्यावर म्हणायची ‘सोहर’ गाणी मॉरिशसमध्ये अजून म्हणतात.

कस्तुरबांचं बाळंतपण

परमुलखातलं बाळंतपण बऱ्या घरातल्या बाईलाही सोपं नव्हतं. कस्तुरबा १८९६ च्या अखेरीस मुंबईहून जहाजानं दक्षिण आफ्रिकेला, डरबनला गेल्या. नवरा बॅरिस्टर. त्यांचा धाकटा मुलगा देवदास २२ मे १९०० रोजी तिथेच जन्मला. गांधीजींनी आत्मकथेत सांगितलंय, की ऐन वेळी डॉक्टर आणि सुईण मिळाली नाही तर काय करायचं या काळजीनं त्यांनी आधीच ‘माने शिखामण’ नावाचं गुजराती पुस्तक वाचून काढलं होतं. आईनं काय जाणून घ्यावं ते सांगणारं हे पुस्तक. कळा अचानक सुरू झाल्या. डॉक्टर लगेच मिळेना, सुईणीला बोलावण्यात वेळ गेला. शेवटी बाळंतपण गांधीजींनी स्वतःच्या हातानं केलं.

या प्रसंगातून एक गोष्ट ध्यानात घ्या. शहरात घर होतं, पैसा होता, डॉक्टर ओळखीचा होता, तरी वेळेला हाताशी कोणी नव्हतं. तरले ते आधी तयारी केली म्हणून. त्याच नाताळ प्रांतात उसाच्या मळ्यांवर हजारो गिरमिटिया बाया होत्या. त्यांच्याजवळ पुस्तक नव्हतं, आणि रजाही नव्हती.

नरैनी आणि कुंती

फिजीत एकवीस वर्षं राहून १९१४ साली परत आलेले तोताराम सनाढ्य यांनी आपली हकिगत छापली. त्यात नरैनी नावाच्या बाईची कथा आहे. नरैनी फिजीतल्या नांदी भागात मळ्यावर होती. तिला मूल झालं ते मेलेलंच. बाळंतिणीनं तीन महिने कामावर जायचं नाही अशी तिथे रीत होती. पण मूल जिवंत नाही, मग रजा कशाची, असा साहेबाचा हिशेब. तीन-चार दिवसांतच त्यानं तिला कामावर यायला फर्मावलं. ती नाही म्हणाली. त्यानं तिला बेशुद्ध पडेपर्यंत मारलं. खटला झाला. साहेब निर्दोष सुटला. नरैनीचं मन त्यानंतर ठिकाणावर राहिलं नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. मूल गेलेल्या बाईची कूस रिकामी होते, पण तिचं अंग बाळंतिणीचंच असतं. दूध येतं, रक्त जातं, पाठ मोडते. हे आपल्यापैकी कोणाला सांगावं लागत नाही. त्या न्यायालयात हे सांगू शकेल अशी एकही बाई न्यायाच्या खुर्चीवर नव्हती.

त्याच काळात, १९१३ साली, कुंती नावाच्या बाईला साहेबानं एकटीला दूरच्या शेतात कामाला पाठवलं आणि अंगावर हात टाकला. कुंतीनं नदीत उडी घेतली. होडीतल्या एका मुलानं तिला वाचवलं. तिची हकिगत हिंदुस्थानातल्या ‘भारतमित्र’ या वर्तमानपत्रात छापून आली आणि देश खवळला. एका मजूर बाईच्या तोंडच्या शब्दांनी जे केलं ते मोठमोठ्या अहवालांनी केलं नव्हतं.

गिरमिट कसं बंद पडलं?

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ साली कायदेमंडळात ठराव मांडला, की ही पद्धत पुरती बंद करा. मतं मोजली तेव्हा बाजूनं २२, विरोधात ३३. ठराव पडला, पण विषय बसला नाही. १९१५ साली सी. एफ. अँड्र्यूज आणि पिअर्सन हे दोघे फिजीला जाऊन डोळ्यांनी बघून आले आणि त्यांनी अहवाल लिहिला. १९१६ साली पंडित मदनमोहन मालवीयांनी पुन्हा ठराव आणला, आणि व्हाइसरॉयनं तत्त्व म्हणून तो मान्य केला. पण ‘लवकरच’ म्हणजे कधी, हे कोणी सांगेना.

इथे बाया पुढे आल्या. १९१७ साली मुंबईच्या जाईजी पेटिट यांनी खटपट करून बायांचं शिष्टमंडळ व्हाइसरॉयकडे नेलं. सभांमधून सरोजिनी नायडू बोलल्या. गावोगाव, शहरोशहरी एकच मागणी झाली: ३१ जुलैच्या आत बंद करा. त्या तारखेच्या आधीच सरकारला भरती थांबवावी लागली. ऑस्ट्रेलियातल्या स्त्री-संघटनांनीही फ्लॉरेन्स गार्नहॅम या बाईंना फिजीला पाठवलं आणि १९१८ साली त्यांचा अहवाल आला. १ जानेवारी १९२० रोजी फिजीतले उरलेसुरले करार रद्द झाले.

म्हणजे बघा, ज्या बायांना कधी भेटलो नाही, त्यांच्यासाठी मुंबईतल्या बाया दिल्लीपर्यंत गेल्या. हीसुद्धा जहाजी बहीणच.

थोड्याच वर्षांत आपल्या मुंबई इलाख्यात आणखी एक गोष्ट घडली. १९२८ साली कायदेमंडळात कामगार बाईला बाळंतपणाच्या रजेत पैसे देण्याच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. १९२९ साली तो कायदा झाला. देशातला असा पहिला कायदा. पण तो गिरणी-कारखान्यातल्या बाईसाठी होता. साखर कारखान्याला ऊस पुरवणारी बाई फडात होती, आणि कायदा फडापर्यंत पोचला नाही.

आणि आपण?

समुद्र नाही, जहाज नाही, गोरा साहेब नाही. पण घरापासून दोनशे-तीनशे किलोमीटर लांब, जिथे कोणी ओळखत नाही, तिथे आपल्या लेकी-सुना अजून बाळंत होतात. २०१९ साली बीड जिल्ह्यात सरकारनं ऊसतोडीला जाणाऱ्या सुमारे ८२ हजार बायांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळी नको, खाडा नको, दुखणं नको, म्हणून शरीराचा अवयवच नको. नऊ पेन्सचा हिशेब अजून संपलेला नाही, एवढंच यातून कळतं.

गिरमिटातल्या बायांच्या इतिहासातून मला तीन गोष्टी दिसतात, त्या आपल्या गटात बोलायला घ्या.

पहिली, नोंद. सुजरियाच्या परवान्यावर ‘गरोदर’ असं लिहिलं होतं म्हणून शंभर वर्षांनी तिच्या पणतीला ती सापडली. टोळी निघायच्या आधी गटानं यादी करावी: कोण गरोदर, कितवा महिना, माता-बाल कार्ड सोबत घेतलं का. ते कार्ड दाखवलं की दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यातही तपासणी आणि लस मिळते. ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र ग्रामपंचायतीतून करून घ्यावं.

दुसरी, तयारी. बाळंतपणाची तारीख जवळ असेल तर मुकादमाशी बोलणं निघायच्या आधी व्हावं, फडात गेल्यावर नाही. जिथे उतरणार तिथला जवळचा सरकारी दवाखाना कोणता, तिथली आशाताई कोण, हे पहिल्या दोन दिवसांत विचारून ठेवावं. १०८ नंबर टोळीतल्या प्रत्येकीला तोंडपाठ असावा. आता कोपीत ब्लेड शोधायची वेळ येऊ नये.

तिसरी, सोबत. जहाजावर जात विचारत बसल्या असत्या तर त्या बाया तरल्या नसत्या. टोळीत एकीला कळा आल्या तर दुसरीनं तिच्या वाटणीच्या मोळ्या बांधाव्या, हे माझ्या आईच्या टोळीनं केलं होतं. चार दिवस. पुढे त्यांच्यातही ताकद उरली नाही. तेव्हा एकेकीच्या चांगुलपणावर भागत नाही, हे खरं. बाळंतपणाचे दिवस खाड्यात धरू नका, ही मागणी सगळ्यांनी मिळूनच करावी लागेल, ग्रामसभेत आणि कारखान्याच्या दारात.

मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात, जिथे आपली माणसं जहाजातून उतरली, त्या जागेला ‘आप्रवासी घाट’ म्हणतात. तिथे दगडी सोळा पायऱ्या आहेत. २००६ साली ती जागा जागतिक वारसा ठरली. किती तरी बाया कडेवर जहाजावर जन्मलेलं मूल घेऊन त्या पायऱ्या चढल्या असतील. आपल्या आयांच्या कोप्या मात्र हंगाम संपला की मोडतात, त्यांची खूण राहत नाही. म्हणून म्हणते, घरात म्हातारी असेल तर तिला आज संध्याकाळी विचारा: तू कुठे बाळंत झालीस, जवळ कोण होतं, कितव्या दिवशी कामावर गेलीस? आणि ती सांगेल ते वहीत लिहून ठेवा.

पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.